बागेसाठी खडी किती मागवावी? मोजमापापासून ढीग तपासण्यापर्यंत

बागेतील पायवाट, बसण्याची जागा किंवा झाडांभोवतीचे वाफे खडीने झाकायचे ठरले, की पहिला प्रश्न खडी किती लागेल हाच असतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर अंदाजाने दिले जाते. अंदाज कमी पडला तर दुसरी खेप मागवावी लागते, वाहतुकीचा खर्च दुप्पट होतो आणि दुसऱ्या खेपेतील दगडाचा रंग व आकार पहिल्या खेपेशी जुळेलच याची खात्री नसते. अंदाज जास्त झाला तर उरलेला ढीग कोठे ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो, कारण एक घनमीटर खडीचे वजन दीड टनाच्या आसपास भरते आणि ती हलवणे म्हणजे नव्याने मजुरी करणे होय.

हिशेबाचे सूत्र सर्वांना ठाऊक असते: लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी. गुणाकारात सहसा कोणाची चूक होत नाही. चूक होते ती जाडीत, आणि या लेखात मी जाडीवर सर्वाधिक भर देणार आहे त्याचे कारण साधे आहे. बारा मीटर लांबीच्या वाटेवर टेप दहा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला, तर हिशेबात एक टक्क्याचाही फरक पडत नाही. परंतु पाच सेंटीमीटरचा थर पसरताना सहा सेंटीमीटरचा झाला, तर खडी थेट वीस टक्के जास्त लागते. तरीही लांबी-रुंदी टेपने मोजली जाते आणि जाडी मात्र बोटांनी दाखवली जाते.

खडीचा प्रकार आधी ठरवावा

खडीचा आकार ठरल्याशिवाय थराची जाडी ठरवता येत नाही, म्हणून टेप हातात घेण्यापूर्वी हा निर्णय करून टाकावा. चालण्याच्या वाटेसाठी १० ते २० मिलिमीटर आकाराची, फोडलेल्या दगडाची खडी सोयीची असते, कारण तिच्या कोनदार कडा एकमेकींत अडकतात आणि पायाखाली थर सरकत नाही. गोल गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर असले, तरी ते पायाखालून निसटतात. ते वाफ्यांत, झाडांच्या आळ्यांत किंवा पाणी वाहून नेणाऱ्या चरांत शोभतात. चाळीस मिलिमीटरपेक्षा मोठ्या दगडांवर चालणे त्रासदायक होते आणि त्यांवरून ढकलगाडी नेणे तर फारच कठीण जाते.

क्षेत्रफळ: जागेचे तुकडे पाडून मोजावे

ज्या जागेवर खडी पसरायची आहे तिची सीमा प्रथम जमिनीवर आखून घ्यावी. सरळ कडांसाठी खुंट्या आणि दोरी पुरते. वळणदार कडांसाठी जाड दोर किंवा पाण्याची नळी जमिनीवर हव्या त्या वळणाने अंथरून तिच्या कडेने चुन्याची फक्की टाकावी. सीमा डोळ्यांसमोर नसताना केलेले मोजमाप पुढे हमखास बदलते, कारण प्रत्यक्ष काम सुरू झाले की वाट थोडी रुंद हवी असे वाटू लागते. एकदा आखणी झाली की कागदावर कच्चा नकाशा काढून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा आणि सर्व मापे एकाच एककात लिहावीत. मीटर तर सर्वत्र मीटर, फूट तर सर्वत्र फूट. एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असा कागद हिशेबाच्या वेळी दगा देतो.

आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, त्रिकोणाचे पाया गुणिले उंची भागिले दोन आणि वर्तुळाचे त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४. बागेतील बहुतेक जागा या तीन आकारांत विभागता येतात. वळणदार वाटेसाठी एक सोपी युक्ती आहे: वाटेची रुंदी सर्वत्र सारखी असेल, तर तिच्या बरोबर मध्यातून दोरी अंथरावी, ती दोरी ताणून मोजावी आणि त्या लांबीला रुंदीने गुणावे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जेवढी जागा वाढते तेवढीच आतल्या बाजूला कमी होते, त्यामुळे हे उत्तर अंदाजी नसून नेमके असते. कडेची लांबी मोजली तर मात्र चुकीचे उत्तर मिळते.

हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. समजा, एक वळणदार वाट मध्यरेषेवर १२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे. तिचे क्षेत्रफळ १४.४ चौरस मीटर होते. तिच्या टोकाला ४.५ मीटर गुणिले ३.६ मीटर अशी बसण्याची आयताकृती जागा आहे, म्हणजे १६.२ चौरस मीटर. या जागेत एक झाड असून त्याच्या गोल आळ्याचा व्यास १.२ मीटर आहे, तेथे खडी टाकायची नाही. आळ्याची त्रिज्या ०.६ मीटर, तिचा वर्ग ०.३६ आणि त्याला ३.१४ ने गुणले की १.१३ चौरस मीटर. ते वजा करून बसण्याच्या जागेचे क्षेत्रफळ सुमारे १५.०७ चौरस मीटर उरते. आळ्यासारख्या जागा वजा करण्याचा कंटाळा करू नये, पण ताटाएवढ्या लहान जागा वजा करत बसण्यातही अर्थ नाही.

याशिवाय एक वाफा आहे, ज्याला कोणताच नियमित आकार नाही. अशा जागेसाठी तिच्या सर्वांत लांब बाजूने एक सरळ दोरी ताणावी, दोरीवर समान अंतरावर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेपाशी दोरीला काटकोनात त्या जागेची रुंदी मोजावी. आपला वाफा ६ मीटर लांब आहे आणि दर मीटरला मोजलेल्या रुंद्या अनुक्रमे ०, १.४, २.१, २.४, २.०, १.३ आणि ० मीटर आल्या, असे समजू. दोन्ही टोकांना रुंदी शून्य असल्यामुळे मधल्या पाच रुंद्यांची बेरीज करून तिला खुणांमधील अंतराने, म्हणजे एक मीटरने, गुणले की ९.२ चौरस मीटर हे उत्तर मिळते. टोकाची रुंदी शून्य नसेल, तर टोकाच्या दोन मापांची अर्धी किंमत बेरजेत धरावी. फुगीर कडा असलेल्या आकारात या रीतीने उत्तर किंचित कमी येते, कारण दोन खुणांमधील वक्र कड आपण सरळ मानतो. अधिक नेमके उत्तर हवे असेल, तर जागेचे सम संख्येत भाग पाडावेत. पहिली आणि शेवटची रुंदी एकपट, दुसरी, चौथी, सहावी चौपट आणि तिसरी, पाचवी दुप्पट धरून बेरीज करावी, तिला अंतराने गुणून तीनने भागावे. आपल्या वाफ्यासाठी ही बेरीज २८.६ येते आणि तीनने भागल्यावर सुमारे ९.५ चौरस मीटर मिळतात. दोन्ही उत्तरांतील फरक चार टक्क्यांहूनही कमी आहे, त्यामुळे पहिली सोपी रीत वापरली तरी बिघडत नाही. आपण येथे ९.५ धरू.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीलगत, उताराच्या बाजूने धरावा, आडवा नव्हे. नकाशावरून मोजमाप घेतले असेल, तर सौम्य उतारासाठी काहीही वाढवण्याची गरज नाही. दहा मीटरमागे एक मीटर उतार असला तरी फरक अर्धा टक्काच असतो. तीन मीटरमागे एक मीटर उतार असेल तर फरक पाच टक्क्यांच्या वर जातो. इतक्या उतारावर सैल खडी तशीही टिकत नाही, ती खाली घरंगळत राहते, म्हणून अशा ठिकाणी आधी पायऱ्या किंवा आडवे बांध घालण्याचा विचार करावा.

जाडी: येथे घाई करू नये

थर किती जाड हवा हे दोन गोष्टींवर ठरते: दगड किती मोठा आहे आणि त्या जागेचा वापर काय होणार आहे. पहिला नियम असा की थराची जाडी खडीच्या सर्वांत मोठ्या दगडाच्या निदान दोन ते अडीच पट असावी. वीस मिलिमीटरच्या खडीचा थर चाळीस ते पन्नास मिलिमीटरचा असेल तरच एका दगडाच्या फटीवर दुसरा दगड बसतो आणि खालची माती किंवा कापड दिसत नाही. तीच खडी पंचवीस मिलिमीटर जाडीने पसरली, तर पहिल्याच पावसानंतर आणि थोड्याशा चालण्यानंतर जागोजागी जमीन उघडी पडते.

वापराच्या दृष्टीने पाहिले तर ज्या वाफ्यात कोणी चालत नाही तेथे ४ सेंटीमीटर पुरतात, पायवाटेसाठी आणि बसण्याच्या जागेसाठी ५ सेंटीमीटर योग्य असतात. सैल खडीचा थर ८ सेंटीमीटरच्या वर नेऊ नये असे माझे ठाम मत आहे. थर जितका जाड तितका चांगला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जाड सैल थरात पाय रुततो, खुर्चीचे पाय तिरके होतात आणि ढकलगाडीचे चाक अडकते. जागेला मजबुती हवी असेल तर ती खालच्या दाबलेल्या पायाने द्यावी, वरच्या सैल खडीने नव्हे.

गोटे फार मोठे असतील, म्हणजे ४० ते ६० मिलिमीटरचे, आणि ते एकाच थरात मांडायचे असतील, तर जाडीचे हे गणित लागू पडत नाही. तेथे एक चौरस मीटरचा नमुना मांडून त्यासाठी लागलेले गोटे वजन करून पाहणे आणि त्या वजनाला क्षेत्रफळाने गुणणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

आता कागदावरील जाडी जमिनीवर कशी उतरते ते पाहू. जमीन क्वचितच सपाट असते. वरचा पृष्ठभाग सपाट ठेवायचा असेल, तर खड्ड्यांत थर आपोआप जाड होतो आणि उंचवट्यांवर पातळ, म्हणून आखलेल्या जागेवर आडवी दोरी पाणसळीने सपाट बांधून, दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर निदान आठ-दहा ठिकाणी मोजावे आणि त्यांची सरासरी काढावी. समजा दोरी अंतिम पृष्ठभागाच्या उंचीवर बांधली आहे आणि अंतरे ४, ५, ७, ६, ५, ८, ६ आणि ७ सेंटीमीटर आली. सरासरी ६ सेंटीमीटर होते. मनात ५ सेंटीमीटरचा थर धरून मागवलेली खडी अशा जागेत पाचव्या हिश्श्याने वाढवावी लागेल. खड्डे मातीने भरून, दाबून सपाट करणे हा याहून स्वस्त उपाय आहे.

मऊ, चिकण मातीवर थेट खडी टाकली तर ती हळूहळू मातीत रुतते आणि माती वर येते. जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण माती अडवणारे, कापड मध्ये अंथरले की हे थांबते. कापडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर पंधरा ते तीस सेंटीमीटर चढवाव्यात. कापड अंथरायचे नसेल, तर किती खडी जमिनीत जाईल हे कोणालाच आधी नेमके सांगता येत नाही. म्हणून कापड हा हिशेबाचाच भाग समजावा.

घनफळ: दहा लिटरचा नियम

क्षेत्रफळ आणि जाडी हाती आली की उरतो तो गुणाकार. तो करताना जाडी मीटरमध्ये लिहावी लागते, म्हणजे ५ सेंटीमीटर म्हणजे ०.०५ मीटर, आणि दशांशचिन्हाची चूक येथेच होते. ती टाळण्यासाठी एक नियम लक्षात ठेवावा: एक चौरस मीटर जागेवर एक सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर दहा लिटर. त्यामुळे पाच सेंटीमीटरच्या थराला दर चौरस मीटरमागे पन्नास लिटर लागतात आणि हजार लिटरांचा एक घनमीटर होतो. उत्तर या नियमाशी जुळत नसेल तर दशांशचिन्ह कोठेतरी सरकले आहे.

आपल्या उदाहरणात वाटेला १४.४ गुणिले ०.०५ म्हणजे ०.७२ घनमीटर, बसण्याच्या जागेला १५.०७ गुणिले ०.०५ म्हणजे ०.७५ घनमीटर आणि वाफ्याला ९.५ गुणिले ०.०४ म्हणजे ०.३८ घनमीटर लागतील. एकूण १.८५ घनमीटर.

फुटात मोजणाऱ्यांनी जाडी इंचात असेल तर तिला बाराने भागून फूट करावे आणि मगच गुणावे. खडी ब्रासने मिळत असेल, तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. एक ब्रास खडी दोन इंचांच्या थराने ६०० चौरस फूट, तीन इंचांच्या थराने ४०० चौरस फूट आणि चार इंचांच्या थराने ३०० चौरस फूट जागा झाकते. हे तीन आकडे पाठ असले की कोणाचाही अंदाज जागच्या जागी पडताळता येतो. घनमीटरचे घनफूट करण्यासाठी ३५.३ ने गुणावे.

पाया असेल तर त्याचा हिशेब वेगळा

ज्या जागेवर रोज चालणे-बसणे आहे तेथे सैल खडीखाली दाबलेला पाया हवा. तो साधारणपणे मोठी खडी आणि बारीक कच यांच्या मिश्रणाचा असतो आणि पायवाटेसाठी त्याची दाबल्यानंतरची जाडी १० सेंटीमीटर पुरते. येथे ‘दाबल्यानंतरची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. असे मिश्रण धुमसाने किंवा यंत्राने दाबले की बारीक कण मोठ्या दगडांमधील पोकळ्यांत जातात आणि थर साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांनी खाली बसतो, तर खरेदी मात्र सैल मापाने होते.

हिशेबात एक बारीक चूक येथे वारंवार होते. थर वीस टक्के दबणार असेल तर वीस टक्के जास्त मागवून भागत नाही. सैल शंभर लिटर दाबल्यावर ऐंशी लिटर होतात. म्हणून दाबलेले घनफळ ०.८ ने भागावे लागते, म्हणजे ते पंचवीस टक्क्यांनी वाढवावे लागते. आपल्या वाटेचे आणि बसण्याच्या जागेचे मिळून २९.४७ चौरस मीटर, त्यावर दहा सेंटीमीटर दाबलेला पाया म्हणजे सुमारे २.९५ घनमीटर, ०.८ ने भागल्यावर ३.६८ घनमीटर सैल मिश्रण लागेल. घनफुटांत ते १३० होते, म्हणजे १.३ ब्रास. वाफ्याला पाया लागत नाही.

पायासाठी कच नसलेली, नुसती ४० मिलिमीटरची मोठी खडी वापरण्याचा मोह टाळावा. अशा खडीत दगडांमधील पोकळी एकूण घनफळाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास असते आणि वर पसरलेली १० मिलिमीटरची खडी त्या पोकळ्यांत गळत राहते. वरचा थर काही दिवसांत पातळ झाला अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. त्यामागे खडी कमी आली हे कारण नसून ती खाली उतरली हे कारण असते. मोठी खडीच वापरायची असेल तर तिच्यावर कचीचा पातळ थर दाबून किंवा कापड अंथरून पोकळ्यांची तोंडे बंद करावीत.

पाया आणि वरची खडी मिळून १५ सेंटीमीटर खोदकाम होते आणि कडेच्या विटा किंवा दगड खडीच्या पृष्ठभागापेक्षा दोन सेंटीमीटर उंच राहतील असे बसवावेत, नाहीतर खडी हिरवळीत सांडत राहते. खोदलेली माती सैल होऊन साधारण पावपटीने फुगते. आपल्या उदाहरणात सुमारे ४.४ घनमीटर खोदकामाची माती साडेपाच घनमीटर जागा व्यापेल. ती कोठे टाकायची हे खडीची गाडी येण्यापूर्वी ठरवावे.

थोडी जास्त, पण किती?

पसरताना काही खडी कडेला सांडते, काही ढिगाच्या तळाशी मातीत मिसळून वाया जाते आणि काही थर बसल्यामुळे कमी भासते. सपाट केलेल्या, कापड अंथरलेल्या जागेसाठी दहा टक्के जास्त धरणे पुरेसे आहे. जमीन ओबडधोबड असेल आणि सरासरी जाडी काढलेली नसेल तर पंधरा टक्के धरावेत, परंतु जाडी न मोजता टक्केवारी वाढवणे हा चांगला मार्ग नव्हे. पायाच्या मिश्रणात दबण्याची तूट आधीच धरलेली असल्याने त्यावर पुन्हा दहा टक्के चढवू नयेत. तीन-चार टक्के खूप झाले.

आपल्या वरच्या खडीचे १.८५ घनमीटर दहा टक्क्यांनी वाढवले की २.०४ घनमीटर होतात, म्हणजे सुमारे ७२ घनफूट, पाऊण ब्रासच्या थोडे आत. पाऊण ब्रास मागवावी.

घनफळाचे वजन

खडी टनाने किंवा किलोने विकली जात असेल, तर घनफळाला सैल घनतेने गुणावे लागते. दगडाची स्वतःची घनता आणि खडीच्या ढिगाची घनता यांत मोठा फरक आहे. ग्रॅनाइटसारख्या दगडाची घनता पाण्याच्या २.६ ते २.७ पट आणि काळ्या बेसाल्टची २.८ ते ३ पट असते, पण ढिगात चाळीस टक्क्यांच्या आसपास हवा असल्यामुळे सैल खडी दर घनमीटरला साधारण १.४ ते १.७ टन भरते. ज्वालामुखीतून बाहेर पडलेला सच्छिद्र हलका दगड याच्या निम्म्यावरही येऊ शकतो, त्यामुळे एकाच ठरावीक आकड्याने सर्व दगडांचे वजन काढू नये.

आपल्या खडीची घनता घरीच काढता येते. बादलीत मोजून दहा लिटर पाणी ओतावे, पाण्याच्या पातळीवर खूण करावी, पाणी काढून बादली कोरडी करावी आणि तिचे वजन करावे. नमुन्याची कोरडी खडी न दाबता त्या खुणेपर्यंत भरावी, वरून हाताने सपाट करावी आणि पुन्हा वजन करावे. भरलेली बादली १६.३ किलो आणि रिकामी ०.८ किलो भरली, तर खडी १५.५ किलो झाली. दहाने भागल्यावर १.५५ हा आकडा मिळतो आणि तोच दर घनमीटरचे टन दाखवतो. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून खडी घेऊन हेच दोन-तीनदा करावे, कारण ढिगाच्या पायथ्याशी मोठे दगड घरंगळलेले असतात आणि मधोमध बारीक माल साचलेला असतो.

आपल्याला लागणारे २.०४ घनमीटर गुणिले १.५५ म्हणजे सुमारे ३.१६ टन. पंचवीस किलोच्या गोण्यांत हीच खडी घ्यायची झाली तर १२७ गोण्या लागतील. एक गोणी सुमारे १६ लिटरची होते आणि पाच सेंटीमीटरच्या थराने एक तृतीयांश चौरस मीटरही झाकत नाही. एका आळ्यापुरत्या कामाला गोण्या सोयीच्या असतात, वाटेच्या कामाला सुटी खडी घ्यावी.

वजनाने घेताना ओलाव्याकडे लक्ष द्यावे. धुतलेली मोठी खडी फारसे पाणी धरून ठेवत नाही, परंतु कच आणि बारीक चुरीचे मिश्रण ओले असेल तर वजनाचा लक्षात येण्याजोगा हिस्सा पाण्याचा असतो आणि तेवढा दगड कमी मिळतो. पाऊस पडून गेल्यावर पायाचे मिश्रण मापाने घ्यावे, वजनाने नव्हे.

मागणी देताना आणि माल आल्यावर

मागणी देताना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: माप घनफळाचे आहे की वजनाचे, घनफळाचे असेल तर ते गाडी भरताना घेतलेले की पोहोचल्यावर घेतलेले, खडीचा आकार कोणत्या दोन चाळण्यांमधला आहे आणि ती धुतलेली आहे का. वाटेत हादऱ्यांमुळे गाडीतील खडी थोडी खाली बसते, म्हणून भरतानाचे आणि पोहोचल्यावरचे माप नेमके सारखे नसते. दिसणाऱ्या थरासाठी लागणारी सर्व खडी एकाच वेळी, एकाच ढिगातून मागवावी.

गाडी रिकामी होण्यापूर्वी हौद्यातील खडी वरून सपाट करून हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि खडीची उंची मोजता येते. उंची चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी मोजून सरासरी घ्यावी. खडी जमिनीवर ओतली गेली असेल तरीही मापाची सोय आहे, कारण मोकळ्या जागेत पडलेला ढीग साधारण शंकूच्या आकाराचा होतो. टेप ढिगाच्या पायथ्याभोवती फिरवून घेर मोजावा, एक सरळ काठी ढिगाच्या माथ्याच्या पातळीवर आडवी धरून तिच्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी, मग घेराचा वर्ग गुणिले उंची करून ३७.७ ने भागावे. घेर ९ मीटर आणि उंची १ मीटर असेल तर ८१ भागिले ३७.७ म्हणजे सुमारे २.१५ घनमीटर खडी ढिगात आहे. आपल्या पाऊण ब्रासचे घनमीटर २.१२ होतात, तेव्हा हा ढीग बरोबर आहे. माथा चपटा झालेला असेल किंवा ढीग भिंतीला टेकून पडलेला असेल तर हे सूत्र लागू होत नाही.

पसरण्याच्या वेळी लाकडाची एक चौरस मीटरची चौकट करून घ्यावी. ती जमिनीवर ठेवून तिच्यात दहा लिटरच्या पाच बादल्या खडी ओतावी आणि दाताळ्याने सपाट करावी. हा पाच सेंटीमीटरचा थर आहे. चौकट उचलली की डोळ्याला आणि हाताला त्या जाडीची ओळख पटते. घमेल्याने खडी वाहायची असेल तर आपले घमेले किती लिटरचे आहे हे आधी बादलीने मोजून घ्यावे, कारण घमेल्यांचे आकार वेगवेगळे असतात आणि शिगोशीग भरलेले व सपाट भरलेले घमेले यांतही बराच फरक पडतो. वाटेवर दर दोन मीटरला एक खुंटी ठोकून तिच्यावर पाच सेंटीमीटरची खूण केली, तर मध्येच कोणी हात सैल सोडला तरी ते लगेच दिसते. झाडाच्या खोडाला खडी टेकवू नये. दहा-पंधरा सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी.

जुन्या खडीवर भर घालायची असेल तर हिशेब नव्याने करण्याची गरज नसते. पट्टी खडीत खुपसून खालच्या कापडापर्यंतची जाडी आठ-दहा ठिकाणी मोजावी, सरासरी काढावी आणि हव्या असलेल्या जाडीतून ती वजा करावी. आपल्या वाटेवर आणि बसण्याच्या जागेवर सरासरी तीन सेंटीमीटर खडी उरली असेल, तर दोन सेंटीमीटरची भर हवी. जागा साडेएकोणतीस चौरस मीटर, दर चौरस मीटरला वीस लिटर, म्हणजे ५९० लिटर. दहा टक्के वाढवून ६५० लिटर, आणि १.५५ च्या घनतेने सुमारे एक टन. मोजण्यापूर्वी कडेला सरकलेली खडी दाताळ्याने मध्यभागी ओढून घ्यावी, कारण वाटेच्या मध्यात थर पातळ आणि कडांना जाड झालेला असतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भर घालण्याचे काम काही काळ पुढे ढकलता येते.